जाळीबाहेरचं गाणं

एव्हरिल डन्स्टनला गाण्यातलं काही कळत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या अल्वरस्टन गावात सगळे म्हणत आणि त्यात पहिला नंबर खुद्द एव्हरिलचाच असे. "गाणं क्लेमकडे, लोकर माझ्याकडे," असं म्हणून ती विषय मिटवून टाकायची. गावात तिची ओळख विणलेल्या टोप्यांसाठी, लिंबाच्या लोणच्यासाठी आणि खोटं बोललेलं लगेच ओळखण्यासाठी होती. शाळेच्या वाचनालयात तिने सव्वीस वर्षं काढली होती. पुस्तक कुत्र्याने खाल्लं असं सांगणारी मुलं तिच्या टेबलापाशी येऊन आपोआप खरं बोलायला लागत.

तिचा नवरा क्लेम कागदाच्या गिरणीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्या बरोबरीचे काही जण मासे धरायला लागले, काही बायकांना स्वयंपाक शिकवायला लागले. क्लेम मागच्या शेडमध्ये गेला आणि तीन वर्षांनी एक हेडफोन घेऊन बाहेर आला. एकच. त्याच्या कानाच्या वाट्या एव्हरिलच्या आईच्या मोडक्या ड्रेसिंग टेबलाच्या, हुऑन पाइनच्या लाकडाच्या होत्या. हात लावला की बोटांना मधासारखा वास राहायचा. मागची पितळी जाळी एका जुन्या रेडिओची. आणि आत आवाज काढणाऱ्या ज्या दोन चकत्या असतात, त्या होबार्टमधल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारातल्या. बावीस चकत्या क्लेमने आणल्या, सहा महिने ऐकल्या, आणि त्यातल्या दोन एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. उरलेल्या वीस मित्रांना वाटून टाकल्या.

कानाभोवतीच्या गाद्या मात्र एव्हरिलच्या. क्लेमने आधी बाजारच्या लावल्या होत्या. अर्ध्या तासात त्याचे कान भाजल्यासारखे लाल व्हायचे आणि चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतायच्या. एव्हरिलने पंधरा दिवस ते वळ पाहिले, मग एक दिवस मोजपट्टी घेऊन नवऱ्याचं डोकं मोजलं. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा बाहेर होता. तिने मखमलीच्या गाद्या शिवल्या, आत शेजारच्या मेंढ्यांची पिंजलेली लोकर भरली, मागच्या बाजूला जाड, पुढे पातळ, आणि चष्म्याच्या काडीसाठी बारीकशी खाच ठेवली. क्लेमने हेडफोन घातला आणि दोन्ही हातांनी तो चाचपून पाहिला.

"काय झालं? टोचतंय?"

"अगं, घातलाय हेच कळत नाहीये. कुणीतरी मागून येऊन कानांवर हात धरावेत ना, तसं वाटतंय."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"ते आता तुला कशाला सांगू," क्लेम म्हणाला.

हा हेडफोन उघड्या पाठीचा. बंद हेडफोनमध्ये गाणं कानाशी कोंडलेलं असतं. याला मागे नुसती जाळी, त्यामुळे गाण्याला श्वास घ्यायला जागा मिळते, वाजवणारी माणसं डोक्याच्या आत न बसता समोर बसल्यासारखी वाटतात. हे सगळं क्लेमच्या हेडफोनवेड्यांच्या क्लबातली मंडळी तासन्‌तास बोलत. त्यांच्या बायकांना मात्र उघड्या पाठीचा एकच अर्थ ठाऊक: जेवढं आत जातं त्यातलं थोडं बाहेर सांडतं. समोर बसलेल्याला बारीक आवाजात सगळं ऐकू येतं. कुणाच्या घरी ती किरकिर, कुणाच्या घरी कटकट. एव्हरिलला ती सवय झाली, मग आवड झाली, आणि पुढे त्याच्याशिवाय तिचे टाके सरळ पडेनात. दुपारी तीन वाजता क्लेम खिडकीजवळच्या हिरव्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा, ती समोर शेगडीजवळ विणायची, आणि खोलीत त्याच्या कानांचं उष्टं गाणं पसरलेलं असायचं. अठरा वर्षं.

"एकदा घालून तर बघ," तो दर महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायचा.

"माझे केस चपटे होतात."

"एव्हरिल, एकदाच. बँडची टेप लावतो."

"मला इथून येतंय ऐकू. इथून छान येतंय."

बँडची टेप म्हणजे गिरणीतल्या कामगारांच्या बँडची. सत्त्याऐंशी सालच्या नाताळात गावच्या हॉलमध्ये झालेला कार्यक्रम क्लेमने स्वतः ध्वनिमुद्रित केला होता. तिसऱ्या गाण्यात सगळी तुताऱ्या-शिंगं गप्प होतात, एकटा ट्यूबा, ते सगळ्यात मोठं पितळी वाद्य, खोल खोल श्वास घेतो, आणि नेमका तिथे प्रेक्षकांतून कुणीतरी खोकतं. ती एव्हरिल. पुढच्याच रांगेत होती, सर्दी झाली होती. "एवढ्या सुंदर टेपेत माती कालवलीस," असं क्लेम तिला आयुष्यभर चिडवायचा. पण तो खोकला आला की मिटल्या डोळ्यांनी हसायचा. जाळीतून तिचा खोकला खोलीत यायचा, मुंगीने खोकावं एवढा, आणि ती सुया थांबवून ते हसू पाहून घ्यायची. तिच्या दिवसातली ती एक ठरलेली गोष्ट होती.

एप्रिलमध्ये क्लेम टोमॅटोच्या वाफ्यात खाली वाकला आणि उठलाच नाही.

मे महिन्यात एव्हरिलने एकटीने टेप लावून पाहिली. आवाजाच्या बटणावर क्लेमने पेन्सिलने खूण केली होती, तिथे काटा आणला, हेडफोन हिरव्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि विणायला बसली. काही जमेना. दोन गाद्यांच्या मध्ये डोकं नसलं की आवाज नुसता विस्कटतो. तिने मध्ये उशी घालून पाहिली, मग बागेतला भोपळा. भोपळ्याला हेडफोन घातलेला पाहून तिला हसू आलं आणि मग तिने भोपळा उचलून बागेत नेऊन ठेवला आणि तिथेच बसून रडली.

त्या आठवड्यात मर्व्ह पॅस्को आला. पेंग्विन गावात राहणारा, क्लेमचा तीस वर्षांचा मित्र, क्लबातला सगळ्यात चांगला कान. हयातभर दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या त्याने. बोटं अशी की डासाला चष्मा बसवून देईल. चहा झाल्यावर जरा चाचरतच म्हणाला, "एव्हरिल, चालेल का? पाच मिनिटं ऐकू दे क्लेमचा."

"ऐक की. बँडची टेप लावलेलीच आहे."

तो हिरव्या खुर्चीत बसला. एव्हरिल समोर बसली. मधे डोकं होतं, गाद्या नीट बसल्या होत्या, आणि क्लेम गेल्यापासून पहिल्यांदा खोली भरली. तिसऱ्या गाण्यात तिचा खोकला आला. मर्व्हने डोळे उघडले तर ही सुया मांडीवर टाकून डोळे पुसत होती. त्या दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं. उष्ट्या गाण्याचं, खोकल्याचं, हसण्याचं, आपण हेडफोन कधी घातलाच नाही याचं. हे तिने बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मर्व्हने नाक शिंकरलं. "मग मी दर गुरुवारी येत जाईन. तुला डोकं हवंय, मला आवाज. दोघांचं भागेल."

"तुझं डोकं क्लेमपेक्षा मोठं आहे रे."

"गाद्या ताणतील. तुझ्याच आहेत ना, समजून घेतील."

वर्षभर तो आला. गुरुवारी तीन वाजता, ग्लेनिसने, म्हणजे त्याच्या बायकोने दिलेला लिंबाच्या केकचा डबा घेऊन. एव्हरिलने त्याच्या हेडफोनलाही गाद्या शिवून दिल्या, त्याच्या मोठ्या डोक्याच्या मापाने, निळ्या मखमलीच्या. आपल्या माणसासाठी जेवढे बारीक टाके घालतात तेवढेच घातले. बँडच्या टेपेची एक प्रतही त्याला करून दिली.

फेरीची कल्पना मर्व्हचीच. या मंडळींत तशी पद्धतच आहे: एखादी चांगली वस्तू असली की ती टपालाने देशभर फिरवायची. प्रत्येकाने दहा दिवस ठेवायची, ऐकायची, बरोबरच्या वहीत दोन ओळी लिहायच्या आणि पुढच्याला पाठवायची. नियम एकच, स्क्रू उघडायचा नाही. तो कुणी मोडत नाही, कारण मोडला तर सगळ्या ऑस्ट्रेलियात त्याला परत कुणी काही पाठवणार नाही.

"क्लेमचं काम चार घरांपलीकडे कुणी ऐकलंय?" मर्व्ह म्हणाला. "लोकांना कळू दे ना."

"आणि हरवला तर?"

"माझ्यावर सोड. बारा जण, सगळे माझ्या ओळखीचे. शेवटचा मी. माझ्या हाताने तुला आणून देतो."

एव्हरिलने वहीला कापडी कव्हर घातलं, खोक्याला आतून लोकरीचं अस्तर लावलं आणि जुलैत ते रवाना केलं. त्या सात महिन्यांत मर्व्ह गुरुवारी नुसता चहा प्यायला यायचा. फेब्रुवारीत खोकं परत आलं. एव्हरिलने आधी वही वाचली. टूवूम्बाच्या एका नर्सबाईने लिहिलं होतं, 'चार तास घातला, उठून दार उघडायला गेले तेव्हा वायर ताणली म्हणून आठवलं की डोक्यावर काही आहे.' पर्थच्या एका माणसाने लिहिलं होतं, 'चेलो वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलोय असं वाटलं.' बेंडिगोच्या गृहस्थाने एवढंच लिहिलं होतं, 'गाद्या कुणी शिवल्या? माझ्या बायकोला तिचा पत्ता हवाय.' शेवटी मर्व्हची ओळ, 'क्लेम, मित्रा, अजून काय लिहू.'

गुरुवारी मर्व्ह बसला. एव्हरिलने काटा पेन्सिलच्या खुणेवर आणला आणि सुया हातात घेतल्या. दोन मिनिटांत तिने त्या खाली ठेवल्या.

"मर्व्ह, हा आवाज वेगळा आहे."

तो डोळे मिटूनच म्हणाला, "काय वेगळा?"

"पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा येतोय. ट्यूबा कुठे गेला?"

"आतून तर तोच आहे."

"थांब, खोकला येऊ दे."

दोघंही थांबली. शिंगं गप्प झाली. खोकला आला नाही. म्हणजे टेपेत होताच, पण जाळीतून बाहेर आला नाही.

"गाद्या दबल्यात गं," मर्व्ह हेडफोन उतरवत म्हणाला. "बारा डोक्यांवर फिरलाय. लोकर बसली असेल."

ते तिला पटलं, कारण गाद्या तिच्या होत्या आणि दोष आधी स्वतःचा शोधायची तिला सवय होती. तिने जुन्या मापाने नव्या गाद्या शिवल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच माशी. मग तिने वायर बदलून पाहिली. टेपचं मशीन पुसून घेतलं. स्वतःचे कान तपासून आली. डॉक्टरीणबाई म्हणाली, एकाहत्तराव्या वर्षी असे कान माझ्या आईचे असते तर बरं झालं असतं. मर्व्ह दर वेळी समजुतीने मान हलवायचा आणि म्हणायचा, "होतं असं. माणूस गेलं की आठवण आवाजाला साखर लावते."

मार्चच्या पहिल्या शनिवारी ती क्लबात गेली. बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबच्या मागच्या खोलीत वीस-बावीस माणसं, मधल्या टेबलावर हेडफोन मांडलेले, बाजूला सँडविचेस. ती सगळी क्लेमची माणसं. एव्हरिल उभी राहिली आणि म्हणाली की फेरीत कुणीतरी हेडफोन उघडला आहे, आतल्या चकत्या बदलल्या आहेत असं तिला वाटतं.

नियम मोडल्याचा आरोप म्हणजे या लोकांत चोरीपेक्षा वाईट. अध्यक्ष बेव्हन मऊ आवाजात म्हणाला, "एव्हरिल, आवाजाची आठवण चार सेकंदांच्या वर टिकत नाही. आम्हालासुद्धा नाही टिकत. शेजारी दुसरा ठेवून ऐकल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. आणि क्लेमचा दुसरा आहे कुठे?"

"मला दुसरा नको. मला तो माहीत आहे."

"कुणाकुणाला ऐकून काही वाटलं?" बेव्हनने विचारलं. हेडफोन टेबलावरून हातोहात फिरला. छानच आहे की, कुणीतरी म्हणालं. थोडा कोरडा वाटतो का, दुसरं कुणी म्हणालं, आणि मर्व्हकडे पाहिलं, कारण खोलीत शेवटचा शब्द त्याचाच असायचा.

मर्व्ह सँडविचची कड सोलत होता. वर न बघता म्हणाला, "खरं सांगायचं तर एव्हरिलने तो कधी डोक्यावर घातलासुद्धा नाही."

आधी कुणाला खरं वाटलं नाही. मग बेव्हनने विचारलं, "कधीच नाही?"

"कधीच नाही," एव्हरिल म्हणाली.

हसले सगळे. वाईट अर्थाने नव्हे, प्रेमानेच हसले, लहान मुलाला हसावं तसे. कुणीतरी तिच्या हातात चहाचा कप दिला. कुणीतरी म्हणालं, "ये, आज घालून बघ मग!" एव्हरिल मर्व्हकडे बघत राहिली. तिने जे एकट्या त्याला सांगितलं होतं, ते त्याने मोहरीच्या सँडविचबरोबर टेबलावर ठेवलं होतं. तेव्हाही तिला वाटलं, बिचाऱ्याच्या तोंडून निसटलं असेल.

दहा दिवसांनी कळलं की ग्लेनिस कोंबड्यांच्या खुराड्यापाशी घसरली आणि मनगट मोडून बसली आहे. एव्हरिलने मटणाचं सारण भरून भट्टीत भाजलेली पाई केली आणि रविवारी दुपारी कापडात बांधून पेंग्विनला निघाली. कळवलं नाही, असल्या वेळी कळवून कोण जातं. मागचं दार उघडंच होतं.

"अगंबाई, एव्हरिल! बस, बस. मला उठायला लावू नको, तूच किटली ठेव. प्लास्टर बघितलंस? नातीने मेंढी काढलीय त्यावर. मी म्हटलं हे डुक्कर आहे."

"मेंढीच वाटतेय."

"तू भली आहेस म्हणून."

बैठकीची खोली समुद्राकडे तोंड करून होती. कोपऱ्यात मर्व्ह खुर्चीत, डोक्यावर त्याचा काळा हेडफोन, कानांवर एव्हरिलच्या निळ्या मखमलीच्या गाद्या. डोळे मिटलेले. एव्हरिलने ग्लेनिसला चहा दिला आणि सोफ्यावर बसली.

"झोपलाय?"

"कुणास ठाऊक. तो हे घालून बसला की मी त्याला मेलेलाच धरते," ग्लेनिस म्हणाली. "पण एक सांगू? हल्ली मी इथेच बसते. आधी नाही बाई बसवायचं. रातकिडे नुसते! मी आपली कोडं घेऊन धुण्याच्या खोलीत. जानेवारीपासून काय केलंय त्याने त्यात देव जाणे, इतकं गोड सांडतंय. ऐक ना."

एव्हरिलला ऐकायची गरज नव्हती. ती दारातून आत आली तेव्हाच तिच्या पाठीवर कुणीतरी ऊबदार हात ठेवला होता आणि तिला वाटलं होतं, ही खिडकीतल्या उन्हाची ऊब असेल. खोलीत ट्यूबा होता. दूर, बारीक, पण पोटभर. गिरणीचा बँड दुसरं गाणं संपवून तिसऱ्याला हात घालत होता.

आता, उघड्या पाठीचा हेडफोन घातलेल्या माणसाला खोलीतलं सगळं ऐकू येतं. जाळी जशी बाहेर सोडते तशी आतही घेते. हे क्लबातल्या प्रत्येकाला ठाऊक आणि त्यांच्या बायकांनाही. तेव्हा मर्व्हने 'अगंबाई, एव्हरिल' ऐकलं होतं. मेंढी आणि डुक्करही ऐकलं होतं. तो झोपला नव्हता. त्याच्या पापण्या इतक्या घट्ट होत्या की झोपलेल्या माणसाच्या तशा नसतात.

शिंगं गप्प झाली. एव्हरिलने पाहिलं, मर्व्हचा हात खुर्चीच्या दांडीवरून हळूहळू आवाजाच्या बटणाकडे सरकतो आहे. कुठे खोकला आहे ते त्याला माहीत होतं. पण उशीर झाला. पेंग्विनच्या त्या खोलीत, परक्या सोफ्यावर, एव्हरिलने स्वतःला खोकताना ऐकलं.

"ऐकलंस?" ग्लेनिस कौतुकाने म्हणाली. "प्रत्येक वेळी तिथे एक बाई खोकते. मला तर आता ती ओळखीची वाटायला लागलीय."

एव्हरिलने कप बशीत ठेवला. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती.

"मर्व्ह, माझा खोकला ऐकला मी."

त्याने डोळे उघडले नाहीत.

"मर्व्ह. तुला ऐकू येतंय."

त्याने हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. ग्लेनिस एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली. "काय झालं? कुणाचा खोकला?"

"आणून देणार होतो," मर्व्ह म्हणाला.

"कधी?"

"थोडे दिवस ऐकून. आधी पंधरा दिवस म्हटलं, मग... एव्हरिल, तुला माहीत नाही आत काय आहे ते. अठरा वर्षं मी तो आवाज बनवायला बघतोय. त्याने मला वाटलेल्या चकत्या, त्या चार चारदा जोडल्या. नाही जमलं. तुला तर कुणीतरी खुर्चीत बसलेलं हवं होतं. ते मी बसतच होतो ना? दर गुरुवारी येत होतो ना?"

"बाहेरून मला काय कळणार, असं वाटलं तुला."

मर्व्हने वायर बोटाभोवती गुंडाळली.

"आणि क्लबात? मला वेडी ठरवलीस ते?"

"वेडी नाही म्हटलं मी."

"नाही. तू सँडविच खात होतास."

ग्लेनिसचं प्लास्टर घातलेलं मनगट मांडीवर पडलं होतं आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "मर्व्हिन," ती पूर्ण नावाने म्हणाली, "तू तिच्या नवऱ्याचा हेडफोन उघडलास?"

क्लेमचा हेडफोन एव्हरिलच्या गाडीत होता. दुसऱ्या दिवशी तो डेव्हनपोर्टच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवायचा म्हणून तिने आधीच ठेवून दिला होता. तो तिने आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. शेजारी मर्व्हचा ठेवला.

"आत्ता बदल. माझ्यासमोर."

"हात थरथरताहेत माझे. तार केसाएवढी असते. तुटली तर गेलं."

"जानेवारीत नाही थरथरले. चहा घे आणि बदल."

पाऊण तास लागला. सोल्डरचा धूर मटणाच्या पाईच्या वासात मिसळत होता. ग्लेनिसने चांगल्या हाताने दिवा धरला. मर्व्हने स्क्रू फिरवले, वाट्या बंद केल्या आणि क्लेमचा हेडफोन दोन्ही हातांनी टेबलावर पुढे सरकवला. त्याचे डोळे भरले होते. एव्हरिलला ते दिसलं, आणि वाईटही वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचा तिला संताप आला.

मग तिने मर्व्हचा काळा हेडफोन उचलला, निळ्या गाद्या एकेक करून उतरवल्या आणि पर्समध्ये टाकल्या. उघडं कडक प्लॅस्टिक राहिलं.

"या माझ्या," ती म्हणाली.

ग्लेनिस गाडीपर्यंत सोडायला आली. दार धरून उभी राहिली. "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुला कसं माहीत असणार."

"गुरुवारी...?" ग्लेनिसने विचारलं, आणि स्वतःच मान हलवली. "आता माझ्या घरी परत रातकिडे," ती म्हणाली. त्यात गंमत होती की दुःख, हे तिलाही कळलं नसावं.

एव्हरिल घरी आली तेव्हा चार वाजले होते. टेप लावली, काटा खुणेवर आणला. हिरवी खुर्ची रिकामी होती. हेडफोन परत आला होता, आवाज परत आला होता, आणि तो घालायला डोकं नव्हतं. ज्याला ती बसू देत होती तो एकच होता. उशी आणि भोपळा आता तिला पुन्हा करायचे नव्हते. थोडा वेळ ती हेडफोन हातात घेऊन उभी राहिली. मग हिरव्या खुर्चीत बसली आणि केसांचा विचार न करता तो डोक्यावर चढवला.

डावी गादी थोडी सैल बसली, क्लेमच्या कानाची जागा रिकामी राहिली. वजन असं नव्हतंच. तिच्या स्वतःच्या घड्याळाची टिकटिक, बाहेर कुंपणावरचा पक्षी, सगळं आत येत होतं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये गावचा हॉल उभा राहिला. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी पानं उलटली. तिसऱ्या गाण्यात शिंगं गप्प झाली, ट्यूबाने श्वास घेतला आणि ती खोकली, पुढच्या रांगेत, डावीकडे, जवळच.

आणि त्या खोकल्याच्या पाठीमागे, अगदी मशीनपाशी, कुणीतरी हसू दाबलं. मग पुटपुटला, शेजारच्या कुणाला तरी, तिशी उलटलेल्या क्लेमच्या आवाजात: "आमचीच आहे ती."

हे जाळीतून कधी बाहेर आलं नव्हतं. इतकं हळू होतं.

एव्हरिलने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. चार वेळा ऐकलं. एकदा घालून तर बघ, असं तो अठरा वर्षं का म्हणायचा, ते तिला आता कळलं. केस चपटे होतात म्हणाली होती ती. आणि मग दुसरी गोष्ट कळली आणि तिने हेडफोन उतरवला.

तिने पेंग्विनला फोन लावला. ग्लेनिसने उचलला.

"मर्व्हला एक विचार. खोकल्यानंतर जे ऐकू येतं, ते त्याला ऐकू यायचं का."

"कसलं गं?"

"तू फक्त विचार. त्याला कळेल."

ग्लेनिसने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली. खूप वेळ काही नाही, नुसता समुद्र. मग पावलं परत आली.

"तो म्हणतो, हो. पहिल्या दिवसापासून. म्हणतो, तुला माहीत असेल असं वाटलं. एव्हरिल, काय आहे ते?"

एव्हरिलने मर्व्हला सांगितलं होतं की क्लेम हसायचा ते ती बघायची, आणि तेवढंच तिच्याकडे आहे. तेव्हा त्याने नाक शिंकरलं होतं. मग वर्षभर, पन्नास गुरुवार, तो तिच्यापासून आठ फुटांवर बसून तिच्या नवऱ्याला 'आमचीच आहे ती' म्हणताना ऐकत होता, आणि डोळे उघडून केक मागत होता.

"काही नाही," एव्हरिल म्हणाली. "पाई आज संपवा. उद्या बरी नाही लागत."

तिने फोन ठेवला. पर्समधून निळ्या गाद्या काढल्या, शिवण उसवली, लोकर मोकळी केली आणि साबणाच्या कोमट पाण्यात टाकली. पाणी राखाडी झालं. ते ओतून दुसरं घेतलं. मग तिसरं. चौथ्या पाण्यातही तिला वाटलं की त्याच्या डोक्याचा वास आहे, म्हणून तिने पाचवं घेतलं.